गालातला जांभळा ठिपका

६ जानेवारी, सोमवार

लेझरवाल्या एजंटाने आज फोनवर माझी शिकवणी घेतली. माझी! म्हणे, "मॅडम, आमचा लेझर असा वर्षभरात म्हातारा होत नाही. तुमच्याच फायबरमध्ये काही घाण असेल, बघा." घाण! आमचे काका, प्रयोगशाळेतले जुने कारागीर, फायबरची टोकं घासायला बसले की श्वाससुद्धा जपून घेतात. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकून येतात. आणि हा गृहस्थ गार हवेच्या ऑफिसात बसून मला घाण शोधायला सांगतो!

प्रकाश कमी येतोय हे खरं आहे. रोज सकाळी मीच तर मोजते. यंत्र सुरू केलं, जरा तापू दिलं, की प्रोब — पेनाएवढी स्टीलची नळी, आत केसासारखे काचेचे तंतू — स्पिरिटने पुसायचा आणि माझ्या डाव्या गालाच्या आत, दाढेसमोर टेकवायचा. रोज तीच जागा. मधल्या तंतूतून लेझरचा जांभळा ठिपका गालावर पडतो, त्या उजेडात गालाचं मांस किंचित हिरवट चमकतं, आणि ती चमक भोवतालच्या तंतूंतून परत यंत्रात येते. निरोगी मांस जास्त चमकतं. कॅन्सरकडे वळू लागलेलं मंद होतं — आणि तेही डोळ्याला काही धड दिसायच्या आधी. आमचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

पण जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त? रंगाचं द्रावण समोर ठेवलं तर ते लेझरखाली विटतं. काच ठेवली तर काच म्हणजे मांस नव्हे. म्हणून माझा गाल. सिगारेट नाही, तंबाखू नाही, दारू नाही. हे ठरलं तेव्हा आमचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "इतकं सोवळं तोंड अख्ख्या इमारतीत दुसरं नाही. फटकळ आहे, पण सोवळं आहे." तेव्हापासून सकाळी माझा गाल जेवढा चमकेल त्याला संगणक शंभर म्हणतो, आणि दिवसभराचे पेशंट त्या शंभरावर मोजले जातात. कोणी सत्तरच्या खाली गेलं की शेजारच्या तोंडाच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई तिथला तुकडा काढून तपासायला पाठवतात.

गेल्या वर्षीपेक्षा हल्ली सकाळी प्रकाश पुष्कळच कमी येतो. संगणकाचं काही अडत नाही, तो बिचारा जे येईल त्याला शंभर म्हणतो. पण लेझर मरायला टेकलाय, आणि तो विकणारा माणूस वर तोंड करून मलाच बोलतो, याला काय म्हणावं?

९ जानेवारी, गुरुवार

आज एक बसड्रायव्हर आला. धिप्पाड माणूस, पण खुर्चीत बसल्यावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. गालाच्या आत पांढरट चट्टा. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बघितलं. त्यांच्या भुवया जवळ आल्या की मला कळतं, काहीतरी खटकलंय. मग म्हणाल्या, "तुमची दांडी काय म्हणते बघा." दांडीच म्हणतात त्या! इतकी वर्षं झाली, प्रोब म्हणायला जीभ वळत नाही.

लावला. ब्याण्णव!

"ब्याण्णव म्हणजे काय ताई?" त्याने विचारलं. म्हटलं, शंभरपैकी. चांगलं आहे. हसला. "शाळेत एवढे मार्क पडले असते तर बस कशाला चालवली असती!" त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. तिलाही त्याने जाऊन मार्क सांगितले. तिने दारातून मला बघून मान हलवली.

डॉक्टरीणबाईंचा पाय मात्र निघेना. आजच तुकडा काढावा असं वाटत होतं म्हणाल्या, पण यंत्र एवढं सांगतंय तर महिनाभर थांबून बघू. दोनदा विचारलं मला — नक्की ना? मी म्हटलं, यंत्र आहे हे, पोपटवाला ज्योतिषी नाही. जरा तोऱ्यातच म्हटलं. उगाचची कापाकापी वाचली एका माणसाची. याच्यासाठी तर सगळी धडपड चालू आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

काकांना आज बोलावंच लागलं. प्रोब पुसल्यावर स्पिरिट पुरतं वाळू देत नाहीत, घाई करतात, आणि माझा गाल चुरचुरतो! तर म्हणाले, "बाई, मी नेहमीएवढाच वेळ हवेत धरतो. पूर्वी नाही चुरचुरलं कधी." पूर्वी नाही म्हणजे आता मी नखरे करते का? काका भले माणूस आहेत, पण चूक पदरात घ्यायची म्हटलं की कानावर हात. उद्यापासून प्रोब मी स्वतः पुसणार आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

मी पुसला, तरी चुरचुरलं. स्पिरिटच वाईट आहे. खरेदी विभाग स्वस्तातलं उचलतो, दुसरं काय!

१९ जानेवारी, रविवार

आईला नवीन खूळ लागलंय — माझी दाढ. जेवताना माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "एकाच बाजूने चावतेस. रवंथ केल्यासारखी." दाढेचा कोपरा तुटून वर्ष होत आलं. त्याला टोक आलंय, गालाला लागतं अधूनमधून. सवय झाली. वेळ मिळाला की जाईन म्हटलं.

"रोज ज्या इमारतीत जातेस तिथे दातांच्या डॉक्टरांची रांग आहे ना?" नवरा वर्तमानपत्राआडून बोलला. या दोघांची युती आहे, माझ्याविरुद्ध कधीही एक होतात! आईने तर चष्मा चढवला आणि माझ्या हनुवटीला हात घातला. "तोंड उघड बघू." मी काय पाच वर्षांची आहे? ताट तसंच ठेवून उठले. सबंध आठवडा लोकांची तोंडं बघायची आणि रविवारी घरात आपलं तोंड दाखवायचं!

भाजी मात्र खरंच जास्त तिखट होती. डावीकडे झोंबत राहिली दुपारभर.

२८ जानेवारी, मंगळवार

एजंट स्वतः येऊन गेला. मीटर घेऊन, टाय लावून. लेझरचा प्रकाश मोजला आणि म्हणाला, "मॅडम, लेझर ठणठणीत आहे." मी म्हटलं, तुमचं मीटर तुमच्यासारखंच बोलणार. आमचं मीटर आणलं. त्यानेही तेच सांगितलं. घरचं मीटरही फितूर!

मग काकांनी कपाटातून काचेचा ठोकळा काढला. लेझरखाली चमकणारी खास काच आहे, वर्षातून एकदा यंत्राची परीक्षा घ्यायला ठेवलेली. लावला प्रोब. गेल्या वर्षी जेवढा प्रकाश आला होता तेवढाच आला, केसाचाही फरक नाही. म्हणजे लेझर ठीक, फायबर ठीक, यंत्र ठीक. मग माझ्या गालावरूनच प्रकाश कमी का?

एजंट टाय सारखा करत म्हणाला, "हात हलत असेल मॅडम. प्रोब नीट टेकत नसेल." माझा हात! हजारो तोंडांत प्रोब लावलाय या हाताने! त्याला चहासुद्धा विचारला नाही.

गालाच्या शंभर भानगडी असतात हे त्याला काय कळणार? ओलावा कमीजास्त होतो, कोन बदलतो, जास्त दाबलं की रक्त सरकतं. म्हणूनच तर सकाळचा आकडा कितीही आला तरी संगणक त्याला शंभरावर आणतो. काच तिच्या जागी, गाल गालाच्या जागी. त्यात एवढं डोकं खाजवण्यासारखं काही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

ड्रायव्हर परत आला. चट्टा पसरलाय. मध्ये लाल झालाय. साध्या डोळ्यांनी दिसत होतं, मला दिसत होतं! डॉक्टरीणबाईंनी मला काही विचारलं नाही. इंजेक्शन भरलं, तुकडा काढला, बाटलीत टाकला, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. त्याआधी मी आपली हळूच पुढे होऊन म्हटलं, एकदा लावून बघू का? त्यांनी मान वर न करता हातानेच "लावा" म्हणून खूण केली.

सत्त्याण्णव. गेल्या वेळेपेक्षाही जास्त. मी आकडा मोठ्याने सांगितला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तुकड्याचा निकाल नाही. देवा, यंत्र खरं ठरू दे आणि डोळे खोटे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

निकाल आला. आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला भर व्हरांड्यात गाठलं. पेशंट बसलेत, नर्स येतायत-जातायत, आणि या बोलतायत. "तुमच्या दांडीवर विसंबले ही चूक माझी. ती पुन्हा होणार नाही. महिना गेला त्या माणसाचा. कळतंय का तुम्हाला? महिना!" मला कळत नाही असं वाटतं का यांना? व्हरांड्यात ओरडल्यावर जास्त कळतं का? मी काहीतरी उलट बोलले, काय ते आता आठवत नाही.

प्रोबने सहा महिन्यांत "ठीक" म्हटलेल्या सगळ्यांना त्यांनी परत बोलावलंय. दोन शिवणकाम करणाऱ्या बायका, एक सुतार, एक निवृत्त मास्तर, आणखी कितीतरी. एकेकाचा चेहरा डोळ्यासमोर येतो. एकेकाला मी हसून सांगितलं होतं, चांगलं आहे, जा घरी.

ड्रायव्हरला ऑपरेशनची तारीख द्यायला बोलावलं होतं. मी तोंड चुकवून निघाले होते, तर त्यानेच हाक मारली. "ताई, तुम्ही कशाला एवढं तोंड पाडलंय? पेपर पुन्हा तपासायला टाकू या. होतात मार्क इकडेतिकडे." त्याची बायको मात्र माझ्याकडे बघत नव्हती. तिचं बरोबर होतं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं!

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. पंखा बंद करून बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर. "प्रोब भरकटतोय. यंत्राला मंजुरी देणारी समिती पुढच्या महिन्यात येतेय. हे असं दाखवायचं त्यांना?" मी काचेचे आकडे टेबलावर आपटले. भरकटत नाहीये! तंतोतंत आहे! म्हणाले, "मग रोगी माणसाला निरोगी का म्हणतोय?" मी तेच आकडे आणखी मोठ्याने वाचून दाखवले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अंगाची लाही लाही होतेय. सगळं लिहून काढते, नाहीतर हे उद्या घरच्यांवर निघेल.

सबंध आठवडा आम्ही यंत्र खोललं. काकांनी प्रत्येक तंतूचं टोक नव्याने घासलं. गाळणारी काच बदलली — परत आलेल्या उजेडातून जांभळा काढून हिरवा तेवढा आत सोडणारी. एक जोड सैल असेल म्हणून तोही बदलला. आज ड्रायव्हर ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना आला होता. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं — आता बघू या. कॅमेरेवालाही आला. पलीकडच्या खोलीत तो गालांचे फोटो काढून रोग ओळखायचं यंत्र बनवतो, आणि आमचं बंद पडलं तर आमची खोली त्याला मिळणार हे शिपायालाही माहीत आहे.

मी सकाळी शंभर केलेलं होतं. ड्रायव्हरच्या गालाला प्रोब लावला.

एकशे तीन.

एकशे तीन! रोग झालेला गाल, तुकडा तपासून पक्कं झालेला रोग, आणि तो माझ्यापेक्षा निरोगी? कॅमेरेवाला खिशात हात घालून म्हणाला, "सोपं आहे की. उद्यापासून ड्रायव्हरसाहेबांच्या गालाला शंभर म्हणा आणि बाईंना बसवा पेशंटच्या खुर्चीत." हसले सगळे! साहेबसुद्धा! ड्रायव्हर बिचारा, त्याला वाटलं आपणही हसायला हवं, तोही हसला. डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत, पण त्या मागे सिस्टरला काहीतरी सांगत होत्या, त्यांना ऐकूच गेलं नसेल.

आजाऱ्याच्या तोंडावर असले विनोद! लाज कशी वाटत नाही? मी म्हटलं, खोली पाहिजे तर सरळ मागा, पेशंटची थट्टा करू नका. साहेब म्हणाले, "अगं, तो गमतीत म्हणाला." गमतीत! माझ्या इतक्या वर्षांच्या कामाची यांनी गंमत करून टाकली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कोणाशीही बोलले नाही. काकांनी टेबलावर चहा ठेवला. डावीकडे झोंबतो म्हणून थंड करून प्यायले.

२ मार्च, रविवार

आई माझ्यासाठी मऊ भात वेगळा काढून ठेवते हल्ली. काही बोलत नाही, फक्त ताटात वाढते. हे जास्त चीड आणणारं आहे.

नवऱ्याने विचारलं, इतकी का चिडतेस? एक यंत्र तर आहे. त्याला सांगायला गेले आणि सांगता सांगता माझाच आवाज चढला. इथे डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्या भुवया आहेत. जिथे साधी नर्स आणि एक खाट एवढंच असतं तिथे कोण बघणार आहे तोंडात? तिथे प्रोब हवा. नर्सने दोन मिनिटांत टेकवायचा, आकडा कमी आला की मोठ्या इस्पितळात पाठवायचं. समितीने होकार दिला तर अशा दवाखान्यांत यंत्रं जाणार. नाही म्हणाली तर प्रोब कपाटात, काचेच्या ठोकळ्याशेजारी. आणि ती समिती माझ्या यंत्राला खोटं म्हणणार आहे, जे खोटं नाही! ते खोटं नाही हे मला माहीत आहे, फक्त दाखवता येत नाही. कोणाला सांगू हे?

मग आई आतून म्हणाली, "तुझे बाबाही असंच म्हणायचे. वेळ मिळाला की जाईन."

बाबांचं नाव का काढावं? बाबांना कळलं तेव्हा गालाला बाहेरून गाठ आली होती. पण बाबा दिवसाला दोन पाकिटं ओढायचे! माझी आणि त्यांची तुलना! एका तुटक्या दाढेवरून कुठे जाऊन पोचते ही बाई. मी बोलले तिला, नको तेवढं बोलले. नंतर तिने भांडी एकेक करून इतक्या हळू लावली की आवाज झाला नाही.

६ मार्च, गुरुवार

समितीपुढे जे बोलायचं त्याची आज रंगीत तालीम होती. मी काचेचे आकडे दाखवले. लेझरचे दाखवले. यंत्राचा एकेक भाग कसा निर्दोष आहे ते दाखवलं. कॅमेरेवाला मागच्या रांगेतून म्हणाला, "सगळे भाग बरोबर आणि उत्तर चूक, असं कसं?"

मी म्हटलं, उत्तर चूक नाहीये!

साहेबांनी चष्मा काढला. "अगं, रोग्याला एकशे तीन म्हणणारं उत्तर चूक नाही? ऐकतेस का तू काय बोलतेस ते?" ऐकत होते. पण काच खोटं बोलत नाही. लेझर खोटं बोलत नाही. काकांनी घासलेली टोकं खोटं बोलत नाहीत. मग कोण बोलतंय खोटं? हे सगळं मी तिथे मोठ्याने बोलले, आणि शेवटी टेबलावर हात आपटला. पेल्यातलं पाणी साहेबांच्या कागदांवर सांडलं.

साहेब रागावले नाहीत. तेच झोंबलं. मऊ आवाजात म्हणाले, "उद्या येऊ नकोस. डोकं शांत कर. सोमवारी ये."

मला घरी पाठवलं! शाळेतल्यासारखं!

७ मार्च, शुक्रवार

घरी. आईने का म्हणून विचारलं नाही, म्हणजे नवऱ्याने सांगितलंय.

आज सकाळी शंभर कोणाला म्हणणार आहेत ते बघते! माझ्या गालाशिवाय यंत्राचं पान हलत नाही. बसा म्हणावं दिवसभर नुसतं तापवत.

१० मार्च, सोमवार

त्यांनी काकांचा गाल लावला!

माझ्या जागी काका! वीस वर्षं सिगारेट ओढलेला माणूस! सोडून बरीच वर्षं झाली असतील, पण म्हणून काय प्रमाण करायचं? उद्या म्हणाल, गंजलेल्या वजनाने सोनं तोला! रागात काय लिहितेय तेही कळत नाहीये.

आणि यांचा आनंद तर बघवत नव्हता. शुक्रवारी काकांच्या गालाला शंभर म्हटलं, आणि सगळं जाग्यावर आलं म्हणे. ड्रायव्हर — चोपन्न. परत बोलावलेल्यांपैकी सुतार — एकसष्ट, आणि डॉक्टरीणबाईंनाही त्याच्या गालाचा संशय होताच, त्यांनी लगेच तुकडा काढला. मास्तर आणि दोघी शिवणकामवाल्या नव्वदच्या पुढे, त्यांना काही झालेलं नाही. तेवढं मात्र मी पुन्हा विचारून घेतलं. त्या दोघींना काही झालेलं नाही. हे चांगलंच झालं.

पण मग साहेब माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "बघ, तू नसलीस की कसं नीट चालतं." आणि कॅमेरेवाला दारातून, "बाई, हात लागतो तुमचा." म्हणजे इतके महिने मी खोटं मोजत होते? यंत्र चांगलं, आणि नासवलं मी? एजंटही तेच म्हणाला होता, हात हलतो. सगळ्यांचं ठरलंय!

काका एका बाजूला उभे होते. हातात फडकं, तेच तेच टोक पुसत. हळूच म्हणाले, "बाई, माझ्या गालावरून प्रकाश चांगला आला. गेल्या वर्षी तुमच्या गालावरून यायचा तेवढा." मी म्हटलं, अभिनंदन! ते आणखी काहीतरी बोलणार होते, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

उद्या सकाळी सगळ्यांना बोलावलंय. साहेब, काका, कॅमेरेवाला, डॉक्टरीणबाई. सगळ्यांसमोर काच लावते, काकांचा गाल लावते, साहेबांचा लावते आणि शेवटी माझा लावते. प्रोब माझ्या हातात नको असेल तर काकांनी धरावा. एकदाचं कळू दे, कोण खोटं बोलतंय ते.

११ मार्च, मंगळवार

काच जशीच्या तशी. काका शंभर. साहेब शहाण्णव. मग मी तोंड उघडलं आणि काकांनी नेहमीच्या जागी प्रोब टेकवला. एकावन्न. हात हलला असेल म्हणून पुन्हा. एकावन्न. उजव्या गालाला लावला. अठ्ठ्याण्णव.

कॅमेरेवाल्याने खिशातले हात बाहेर काढले. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवरचा कागद बदलला, दिवा खाली ओढला आणि म्हणाल्या, "बसा. तोंड उघडा बघू."

यंत्र बरोबर आहे. मी पहिल्यापासून तेच सांगत होते.